पेन ड्राइव्ह रिकामा परत करू नये

अर्ध्या तासाचं काम आहे असं ज्या कामाबद्दल सांगितलं जातं, त्याला शहाण्या माणसाने हात लावू नये. एव्हारिस्तो मास्तर शहाणे होते. भूगोल शिकवत होते. शिवाय हवानाच्या पूर्वेकडच्या मातान्सास गावातल्या ज्या इमारतीत पाचव्या मजल्यावर ते राहत होते, ती ‘लिफ्ट पुढच्या टप्प्यात’ या आश्वासनावर त्यांच्या लहानपणी बांधली गेली होती, म्हणजे अनुभवाचीही वानवा नव्हती. तरी त्यांनी हात लावला, कारण घरात आई मरणाला टेकली होती आणि तिला मालिकेचा शेवट बघायचा होता.

ओब्दुलियाबाईंच्या हृदयाबद्दल डॉक्टर जिन्यात उभे राहून बोलले होते. आता काही करण्यासारखं नाही, जे मागतील ते द्या, असं त्यांनी सांगितलं आणि सांगताना खाली बघितलं. मागेल ते देणं या बेटावर शस्त्रक्रियेपेक्षा अवघड, हे त्यांनाही ठाऊक होतं. मास्तर गोमांस, संत्री, लोणी या दिशेने काळजी करत वर आले. आईने यातलं काही मागितलं नाही. तिला ‘दोन किनारे’ या मालिकेचे शेवटचे तीन भाग हवे होते.

मालिकेचा मामला असा. ग्रासिएला नावाच्या बाईचा नवरा होडीतून समुद्रात जातो, परत येत नाही. तिचे केस पांढरे होतात आणि मग गावात एक माणूस येतो. चेहरा तोच, चाल तीच, पण तो स्वतःला दुसराच कुणी म्हणवतो. तोच आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नावर त्या लोकांनी शंभरावर भाग काढले होते. ओब्दुलियाबाईंनी त्यातला एकही चुकवला नव्हता.

मास्तरांचे वडीलही ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून याच खाडीतून उत्तरेकडे, अमेरिकेला जायला निघाले होते. त्या उन्हाळ्यात अर्धा किनारा गेला. काहींची पत्रं आली, काहींचे पैसे आले, काहींची दुसरी लग्नं झाल्याची बातमी आली. वडिलांचं काहीच आलं नाही. घरात हा विषय कधी निघाला नाही. फक्त दर वर्षी गल्फ स्ट्रीमचा धडा आला की मास्तर तो प्रवाह फळ्यावर जरा जास्त वेळ काढत बसायचे, वर्गाकडे पाठ करून.

तर टीव्ही जळला इथून सुरुवात. लाईट जाते तेव्हा कुणाचं काही बिघडत नाही, बिघडतं ती परत येते तेव्हा. त्या दिवशी ती सासरी भांडून आलेल्या लेकीसारखी आली, आणि टीव्हीच्या मागून धूर निघाला. मालिका दर आठवड्याला ‘पुडक्या’त यायची. पुडकं म्हणजे हवानाहून बसने येणारी एक डिस्क, जगातले सगळे सिनेमे, मालिका, सामने तिच्यात कोंबलेले. लिसांद्रो नावाचा माणूस ती घेऊन दारोदार फिरायचा आणि ज्याला जे हवं ते त्याच्या पेन ड्राइव्हवर भरून द्यायचा. लिसांद्रोने आपला फोन पुढे केला, यावर बघा म्हणाला. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ओब्दुलियाबाईंनी त्याकडे बघितलं आणि फोन परत दिला. “ह्यात माणसं बघायची म्हणजे मुंग्यांच्या लग्नाला जायचं. मी नाही जात.”

शेजाऱ्यांचे टीव्ही जुने, जड, आईसारखेच जिन्याच्या पलीकडे गेलेले. उरला कॉम्प्युटर. शाळेने मोडीत काढलेला, मास्तरांनी मानाने घरी आणलेला. मात्र गावातल्या प्रत्येक पेन ड्राइव्हने येताना एकेक व्हायरस आणला होता, आणि पाहुणचाराला थकून तो आता नुसता काळा पडदा दाखवायचा.

इथे तिसऱ्या मजल्यावरचे रिगोबेर्तो गोष्टीत शिरतात. त्यांना टाळता येत नाही, कारण जिन्यावर त्यांची खुर्ची आहे. ते सोव्हिएत काळात तिकडे खारकोव्हला शिकलेले इंजिनियर. त्यांचा साखर कारखाना बंद पडला त्याला जमाना झाला, पण सल्ला देण्याचं खातं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चालू ठेवलं होतं.

“आतली सगळी यंत्रणा काढून लिनक्स घाल,” ते म्हणाले. “फुकट आहे, व्हायरस लागत नाही, डबड्यावर पण चालतं. आणि कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. अर्ध्या तासाचं काम.”

लिनक्सची फाइल सरकारी कॉम्प्युटर क्लबात होती. तिथल्या बाईंच्या डोक्यावर, भिंतीवर, ‘सॉफ्टवेअर सर्वांसाठी मुक्त’ असा मोठा फलक होता. फलकाखाली बसून बाईंनी सांगितलं की मुक्त आहे हे खरं, पण असं कुणालाही देता येत नाही, कामाच्या ठिकाणाहून शिक्क्याचं पत्र लागेल.

शाळेत पत्र लगेच मिळालं. शिक्का टेबलाच्या खणात होता, खणाची किल्ली चिटणीसबाईंकडे होती आणि चिटणीसबाई निकाराग्वाला ज्वालामुखी बघायला गेल्या होत्या. त्या वर्षी अर्ध्या गावाला एकाएकी ज्वालामुखींची ओढ लागली होती. निकाराग्वाला व्हिसा लागत नव्हता, आणि तिथून लोक ज्वालामुखी बघत बघत जे उत्तरेला सरकायचे ते थेट अमेरिकेच्या हद्दीवर. मास्तरांनी जन्मभर ज्वालामुखी शिकवले, पण या विषयाची गोडी विद्यार्थ्यांना वर्गात कधी लागली नव्हती. आता पुढच्या बाकांवर कुणी उरलं नव्हतं. खण फोडू या, असं मास्तरांनी सुचवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, खण ही शाळेची मालमत्ता आहे, फोडायचा तर पत्र लागेल. शिक्क्याचं.

अखेर शिक्का रिगोबेर्तोंच्या कपाटातून निघाला. कारखाना बंद झाला त्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही घरी नेलं होतं. कुणी पाइप, कुणी कागद. रिगोबेर्तोंनी शिक्का. एका मेलेल्या साखर कारखान्याने भूगोलाच्या एका मास्तरांना शैक्षणिक कारणास्तव लिनक्स देण्याची शिफारस केली. क्लबातल्या बाईंनी शिक्का उजेडात धरून बघितला, तो गोल आहे याची खात्री केली आणि म्हणाल्या, “पेन ड्राइव्ह आणलाय?”

पेन ड्राइव्ह मास्तरांकडे नव्हता. इमारतीत भले भले लोक होते, पण पेन ड्राइव्ह असा कुणाच्याच मालकीचा नसायचा, तो फिरायचा. तळमजल्यावरच्या मिग्दालियाने तिच्याजवळ त्या वेळी मुक्कामाला असलेला एक दिला. पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून मास्तरांनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, मिग्दालियाने त्यात तो ठेवला, त्याच्यावर दोन हिरवी केळी ठेवली, टोपली वर आली. मिग्दालिया इमारतीची कारभारीण. कोण कुणाकडे आलं, कोण कुठे गेलं आणि परत आलं नाही, हे तिला आधी कळायचं.

आता या फिरण्याचा एक रिवाज सांगायला हवा. शेजारणीचं भांडं जसं कुणी रिकामं परत करत नाही, तसा पेन ड्राइव्ह रिकामा परत करायचा नाही. काही तरी घालून द्यायचं, एखादं गाणं, एखादा सिनेमा. आणि काय घातलं हे सांगायचं नाही. घेणाऱ्याने घरी जाऊन उघडून बघायचं आणि मनातल्या मनात खूश व्हायचं. हा रिवाज बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मास्तरांना तर होताच.

फाइल आली. मास्तरांनी आणि रिगोबेर्तोंनी पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, बटण दाबलं. काळा पडदा. रिगोबेर्तोंनी खारकोव्ह पद्धतीने डब्याला वरून एक थाप मारली. काळा पडदा. मग त्यांनी कीबोर्डावरच्या वरच्या रांगेतली सगळी बटणं पियानोवर बोटं फिरवल्यासारखी दाबली, तेव्हा एक निळी पाटी आली आणि तिच्यावरच्या घड्याळात वीसेक वर्षांपूर्वीचं साल निघालं. ओब्दुलियाबाईंनी पलंगावरून विचारलं की त्या सालात अंड्यांचा भाव काय होता ते त्यात दिसतं का.

क्लबातल्या बाईंनी फाइलसोबत सूचनांचा एक कागद दिला होता. रिगोबेर्तोंनी त्यात तळलेल्या क्रोकेता गुंडाळल्या होत्या. तेलाच्या डागांमधून जेवढं वाचता आलं त्याचा अर्थ असा निघाला की फाइल सिनेमासारखी नुसती ठेवून चालत नाही. दुसऱ्या एखाद्या चालू कॉम्प्युटरवर एका खास प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर अशी लिहावी लागते की मशीन त्याच्यावरूनच सुरू होतं. पाव टेबलावर ठेवणं वेगळं आणि तो पोटात जाणं वेगळं, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. पावाची उपमा त्या आठवड्यात सगळ्यांनाच चटकन सुचत होती.

चालू कॉम्प्युटर शाळेच्या लॅबमध्ये होता. मास्तरांनी फाइल तिथे उतरवून ठेवली, प्रोग्रॅम शोधला, आणि लाईट गेली. दुसऱ्या दिवशी गेले तर लाईट होती, किल्लीवाला पावाच्या रांगेत होता. त्यानंतर दोन्ही जुळून आले, पण मिग्दालियाला तिचा पेन ड्राइव्ह परत हवा होता. पुडक्याचा दिवस आहे, उद्या देते, असं तिने खालून ओरडून सांगितलं. मास्तरांना वाईट वाटलं. शिकलेल्या माणसाने पाच मजले खाली वाकून पेन ड्राइव्ह मागायचा आणि पुन्हा टोपलीत घालून परत द्यायचा, यात काही तरी जातं. काय जातं ते सांगता येत नाही, पण टोपली हलकी होते आणि माणूसही.

इकडे आई दिवसेंदिवस लहान होत होती. पलंग तेवढाच, पण त्यात जागा वाढत होती. रोज मास्तर घरात शिरले की ती विचारायची, “झालं का रे तुझं मशीन?” आणि ते म्हणायचे, उद्या. शेवट कुणी तिला सांगायचा नाही, असा तिचा सक्त हुकूम होता. इमारतीने तो पाळला होता. सगळ्यांनी शेवटचा भाग मिग्दालियाच्या घरी दाटीवाटीने एकत्र बसून बघितल्याला बरेच दिवस झाले होते, पण पाचव्या मजल्यावर येताना लोक ओठ आवळून यायचे. ज्या इमारतीत गर्भारपणाची बातमी त्या बाईच्या आधी शेजाऱ्यांना कळते, तिथे एवढा संयम बघून मास्तरांना भरून यायचं.

सांगितल्याप्रमाणे टोपलीतून पेन ड्राइव्ह पुन्हा वर आला. या वेळी त्याला लाल रिबिनीचा तुकडा बांधलेला होता. मास्तरांना वाटलं, हरवू नये म्हणून. खाली मिग्दालिया आणि लिसांद्रो दोघंही मान वर करून, उन्हाने डोळे बारीक करून, त्यांच्याकडे बघत उभे होते आणि उगाच हसत होते. मास्तरांनी हात केला, रिबीन सोडली आणि शाळेकडे पळाले, कारण लाईट तासाभराचीच होती.

लॅबमध्ये त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल निवडली, बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. यावरचं सगळं कायमचं नष्ट होईल, पुढे जायचं का, असं तिने विचारलं. मास्तर क्षणभर गहिवरले. सगळं नष्ट होण्याच्या आधी कुणी त्यांना विचारण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. बाकी वेळी सभा असायची आणि हात वर करायचा असायचा. त्याच सवयीने त्यांनी होकार दिला. उघडून बघितलं नाही.

लाईट जायच्या आत काम झालं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मास्तरांनी घरच्या मशीनला पेन ड्राइव्ह लावला, रिगोबेर्तोंनी वरची रांग वाजवली, आणि काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळी पळू लागल्या. शेवटी लिनक्सची खूण, एक जाडा पेंग्विन आला. रिगोबेर्तोंनी टोपी काढली. मास्तरांनी आईला उशीला टेकवून बसवलं. “हा कोण?” आईने विचारलं. मास्तर म्हणाले, हा पेंग्विन, बर्फात असतो. “मग इथे कशाला आलाय?” ती म्हणाली. “इथून तर सगळे जातात.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अख्खी इमारत वर येत होती. पुढे मिग्दालिया, हातात कॉफीचा थर्मास, मागे लिसांद्रो, मागे आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेतलेले लोक. सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते. लोक खोलीत मावेनात तेव्हा दारात उभे राहिले. मिग्दालिया म्हणाली, “लाव मास्तर.”

मास्तरांनी विचारलं, काय लावू.

लिसांद्रोला वाटलं, मास्तर गंमत करताहेत. मग त्याने पेंग्विनकडे बघितलं, मशीनला लावलेल्या पेन ड्राइव्हकडे बघितलं आणि तो स्टुलावर बसला. मास्तरांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेण्यात आलं. ओब्दुलियाबाईंसाठी राखून ठेवलेली, गावातली शेवटची प्रत लिसांद्रोने त्याच पेन ड्राइव्हवर घातली होती. नवं पुडकं भरायला त्याच्या डिस्कवरची जागा लागली, तेव्हा तिथली पुसून टाकली होती. मिग्दालियाने रिबीन बांधली होती. हवानाहून पुन्हा मागवता येईल, लिसांद्रो म्हणाला, पण बसला डिझेल नाही. बस आली की.

कुणी मास्तरांना काही बोललं नाही. त्याचंच त्यांना फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर निदान उत्तर देता आलं असतं.

मास्तर म्हणाले, बस येईपर्यंत आई थांबेल असं वाटत नाही. तुम्ही बघितलाय शेवट. मला सांगा, मी तिला सांगतो. ती रागावली तर रागावू दे.

मिग्दालिया म्हणाली, तो नवराच असतो, देवळात पुन्हा लग्न लागतं. रिगोबेर्तो म्हणाले, छे, तोतया, पोलीस धरून नेतात. लिसांद्रोच्या मते तो नवऱ्याचा जुळा भाऊ होता. जिन्यात उभ्या असलेल्या एका बाईने तो आंधळा झालेला असतो, असंही सांगितलं. मास्तरांनी आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतल्या होत्या. न वाचता आलेला विद्यार्थी त्यांना चेहऱ्यावरून कळायचा. त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. दारावर थाप पडते तिथपर्यंत सगळ्यांचं एक होतं. ग्रासिएला उठते तिथपर्यंतही एक होतं. ती कडीला हात लावते. मग?

मिग्दालिया थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिली.

“मग लाईट गेली, मास्तर,” ती शेवटी म्हणाली. “सगळ्यांची. आली तोवर हा लिसांद्रो डिस्क घेऊन पुढच्या वस्तीत गेलेला. दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला आपापला शेवट आठवायला लागला. म्हणून तर आज खुर्च्या घेऊन आलो. तुझ्या आईबरोबर आम्हीही बघणार होतो.”

इमारतीचा तो प्रसिद्ध संयम असा होता. मास्तर बाहेर आले. आई वाट बघत होती, नजर पेंग्विनवर. ते पलंगाच्या कडेला बसले. तिथे बसेपर्यंत त्यांच्या मनात एक चांगला शेवट जुळत आला होता, त्यात ग्रासिएलाचा नवरा परत आलेला होता, थोडा म्हातारा, पण धडधाकट. समुद्राचे प्रवाह शिकवणाऱ्या माणसालाही एखादा प्रवाह उलटा वळवायला हरकत नसावी.

“मालिका गेली ना?” आई म्हणाली. “भिंती पातळ आहेत. तू फक्त सांग, आला का तो?”

आणि मास्तरांना ते जमलं नाही.

“ती कडीला हात लावते,” ते म्हणाले. “मग लाईट जाते.”

“कुणाची?”

“सगळ्यांची. दारात कोण आहे ते अख्ख्या इमारतीत कुणालाच माहीत नाही, आई.”

ओब्दुलियाबाईंनी दाराकडे मान वळवली. दारातले लोक आपल्या खुर्च्यांकडे बघत होते.

“कुणालाच नाही?”

“कुणालाच.”

“मला वाटायचं, माझ्या एकटीचंच असं,” त्या म्हणाल्या. मग मिग्दालियाकडे वळून विचारलं, कॉफी नुसती दाखवायला आणली आहे का.

कॉफी झाली. त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, लाईट असताना, त्या गेल्या. लिफ्ट अर्थातच पुढच्या टप्प्यात होती. पाच मजले शवपेटी खाली नेताना प्रत्येक वळणावर रिगोबेर्तोंनी सूचना दिल्या, आणि त्या एकदाही बरोबर निघाल्या नाहीत. मिग्दालियाने पेन ड्राइव्ह परत मागितला नाही. लिनक्स मशीनमध्ये कायमचं बसवून झाल्यावर मास्तरांनीच तो रिबीन बांधून टोपलीतून खाली सोडला. आत पेंग्विन होता, म्हणजे रिकामा नव्हता.

बस आली. लिसांद्रोने हवानाहून तीन भाग आणले, आणि इमारतीत आता धड चालणारा कॉम्प्युटर मास्तरांकडेच होता. लिनक्सने एकदाही मान टाकली नव्हती. लोक पुन्हा खुर्च्या घेऊन वर आले, या वेळी साध्या कपड्यांत. पलंगावर कुणी बसलं नाही. मास्तर मशीनजवळ उभे राहिले.

तिसऱ्या भागाच्या शेवटी दारावर थाप पडली. ग्रासिएला उठली. खोली लांबली, लांबली, आणि तिने कडीला हात लावला.

मास्तर खाली वाकले आणि त्यांनी भिंतीतली पिन ओढली.

पडदा काळा झाला. मास्तरांनी पिन हातात तशीच धरून ठेवली, शिव्यांची वाट बघत. कुणी हललं नाही. डोक्यावर पंखा कुरकुरत फिरत होता, त्याचा वारा सगळ्यांच्या केसांना लागत होता. रिगोबेर्तोंनी मान वर करून त्या पंख्याकडे नीट बघितलं. खारकोव्हला शिकलेले इंजिनियर ते.

“गेली लाईट,” ते म्हणाले.

“गेलीच,” मिग्दालिया म्हणाली, आणि आपली खुर्ची उचलून जिन्याकडे निघाली.